काजळीचं औषध आणि उजवा कौल

सहदेव कणकवलीच्या कॉलेजात नेमकं काय करतो, हे त्याच्या गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक होऊ नये म्हणून त्याने दहा वर्षं डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. कागदावर तो प्रयोगशाळा परिचर. १९९८ साली लागला. काम म्हणजे रसायनशास्त्राच्या मुलांनी घाण केलेल्या काचेच्या बाटल्या धुवायच्या, बर्नर पेटवून द्यायचे, अॅसिडची बाटली कपाटातून काढून परत कपाटात ठेवायची, आणि कुणी ओरडलं की 'हो सर' म्हणायचं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. सरकारी पगार होता, पेन्शन होती. पण या कामाबरोबर एक पांढरा कोट मिळायचा, आणि त्या कोटाने घात केला.

बाकीचे परिचर संध्याकाळी कोट खुंटीला अडकवून घरी जात. सहदेव तो अंगात घालूनच एसटीत बसायचा. वालावलीच्या पलीकडे, खाडीच्या काठी त्याचं गाव. मे महिन्यात माणसं उघडी बसून विंझणवारा घेत असायची, तेव्हाही हा गळ्यापर्यंत बटणं लावून बसमधून उतरायचा, घामाने पाठ निथळतेय, चेहरा गंभीर. कुणी विचारलं, "काय रे, आज काय केलंस?" तर एकच शब्द सांगायचा, "रिसर्च." विचारणाऱ्याला पुढे काय विचारावं ते सुचायचं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार असतो म्हणतात, पण सहदेवाचं उलट होतं. तो कमी बोलायचा, म्हणून लोकांना त्याचं पाणी खोल वाटायचं.

घरात तीन माणसं. सहदेव, त्याची बायको हिरा आणि थोरल्या भावाची बायको नर्मदा. आईबाप लवकर गेले, भाऊ लग्नानंतर चौथ्याच वर्षी तापाने गेला. सहदेव तेव्हा नऊ वर्षांचा. नर्मदेचं वय बावीस, पदरी मूल नाही. माहेरची माणसं न्यायला आली तर तिने त्यांना पेज वाढली आणि परत पाठवलं. भात लावलं, काजूच्या बिया विकल्या, दिराला बारावीपर्यंत शिकवला. सहदेव तिला वयनी म्हणायचा. पण हाक मारताना आवाज खाली यायचा. जगात तो दोघांनाच भ्यायचा, एक ती आणि दुसरा गावचा देव.

२००७ साली कॉलेजात किरण सर आले. पुण्यात शिकलेले, बोलताना दोन्ही हातांनी हवेत गोळे वळणारे. त्यांना संशोधनासाठी अनुदान मिळालं होतं आणि विषय होता काजळी. हो, काजळीच. काजळी म्हणजे कार्बन. तो अॅसिडमध्ये दहा-बारा तास उकळायचा, गाळायचा, धुवायचा, की त्यातून इतके बारीक कण निघतात की एका केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. हे कण पाण्यात विरघळतात आणि अतिनील दिव्याखाली धरले की हिरवे चमकतात. मग त्यांना पेप्टाइड जोडायचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा एवढासा तुकडा. तो असा निवडायचा की शरीरात हिंडून नेमका कॅन्सरच्या पेशीलाच जाऊन चिकटेल. कण तिथे चमकला की डॉक्टरला कळलं, रोग इथे आहे.

सहदेव बाटली पुसत ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे सर, कण ही गरी आणि पेप्टाइड हे आमिष. मासा बघून आमिष लावायचं."

सरांनी हवेतला गोळा अर्धवट सोडून त्याच्याकडे पाहिलं. हे त्यांना आवडलं. पुढे त्यांनी हे आपल्या भाषणांत सतरा वेळा वापरलं, सहदेवाचं नाव न घेता.

पण कण काही जमेनात. सरांनी बाजारातल्या मेणबत्त्या आणल्या, काचेवर काजळी धरली, उकळली. कण निघाले ते लहानमोठे, गाळात बसणारे, आणि चमक म्हणाल तर मेलेल्या काजव्याची. तीन महिने हा खेळ चालला. शेवटी सहदेवाने धीर केला. "सर, आमच्या घरी काजळ धरतात. ते आणून बघू का?"

ते काजळ नर्मदेचं. वाडीतल्या प्रत्येक बाळंतिणीकडे तिचंच काजळ जायचं. घाण्याचं खोबरेल तेल, जुन्या मऊ लुगड्याची वात, आणि वर तीन करवंट्यांवर उपडी ठेवलेली तांब्याची ताटली. वात इतकी खाली ओढायची की ज्योत ताटलीला टेकणार नाही, नुसता धूर लागेल. दारंखिडक्या बंद, वारा नको, बोलणंसुद्धा नको. सकाळी लावलं तर दुपारपर्यंत ताटलीला मखमल धरायची. सहदेवाने ती बाटलीत भरून नेली. सरांनी उकळली, गाळली, दिव्याखाली धरली, आणि बाटली कच्च्या कैरीसारखी हिरवीगार उजळली.

त्या आनंदात सरांनी घोडचूक केली. कॉलेजात पाहुणे आले होते, परिसंवाद होता, आणि सर व्यासपीठावरून म्हणाले, "आमच्या प्रकल्पाचे खरे शास्त्रज्ञ कोण, तर हे आमचे सहदेव." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. सर कौतुकाने बोलले, थोडे चेष्टेने. पण काही माणसांना कौतुक मापाने द्यावं लागतं. पाहुणे चहा पिऊन गेले, सर विसरले, आणि सहदेव हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला तो उतरेचना.

आता एसटीत तो बोलायला लागला. "कॅन्सराचा औषध करतंय आम्ही. नॅनो." त्या वर्षी एका छोट्या मोटारीचंही तेच नाव गाजत होतं, त्यामुळे पहिले आठ दिवस लोकांना वाटलं की सहदेव गाडी घेणार. मग त्याने समजावून सांगितलं. रोज थोडं थोडं वाढवून सांगितलं. सर म्हणत होते, कण गाठ दाखवतो. सहदेवाच्या तोंडी कण गाठीला धरायला लागला. मग आवळायला लागला. माघापर्यंत तो गाठ आतल्या आत जाळून भस्म करायला लागला होता. जाळण्याची गोष्ट सर कधी स्वप्नातसुद्धा बोलले नव्हते. अर्थात सरही धुतल्या तांदळाचे नव्हते. अनुदानाच्या अहवालात त्यांनी 'कर्करोगाच्या उपचारांत लवकरच क्रांती' असं लिहून पाठवलं होतं. साहेबाने लिहिली की तिला अहवाल म्हणायचं, सहदेवाने सांगितली की थाप.

आणि २००८ च्या फेब्रुवारीत नर्मदेच्या छातीत गाठ निघाली.

तिने ते आधी हिराला सांगितलं, हिराने नवऱ्याला. कणकवलीतल्या डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासलं, कागद आला आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "महिन्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. गोव्याच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी देते. आत्ता गाठ लहान आहे, बरं होण्यासारखं आहे. फक्त वेळ काढू नका."

परतीच्या एसटीत नर्मदा खिडकीशी बसली होती. हातातली चिठ्ठी तिने चार घड्या करून कमरेला खोवली. मग म्हणाली, "सहदेवा, कापल्याशिवाय जमाचा नाय?"

पुढच्या सीटवर हरिश्चंद्र होता, त्यांच्याच वाडीतला, दुसऱ्याच्या बोलण्यात पाय घालायची जन्माची खोड. तो वळून म्हणाला, "कापूक कित्याक होया, नर्मदे? औषध तुमच्या घरातच तयार होता मां?"

सहदेवाने त्याच वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं: 'नाय रे, ता अजून बाटलीतच आसा.' सहा-सात शब्द. पण आख्खी एसटी त्याच्याकडे बघत होती, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती, आणि वयनीने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं.

"थोडा थांब, वयनी," तो म्हणाला. "आमचा औषध येतला."

घरी आल्यावर मात्र त्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली. डॉक्टरीणबाईंचं 'वेळ काढू नका' कानात वाजत होतं. नर्मदा म्हणाली, देवाक विचारूया. सहदेवाला हायसं वाटलं, कारण देवावर टाकलं की आपल्या डोक्यावरचं ओझं उतरतं, ही आमच्याकडची फार जुनी सोय आहे. शिमग्याच्या आधी सगळे देवळात जमले. मानकरी आले, वाडी आली. गुरव बाबलीने देवाच्या मूर्तीला उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. मग बाबलीने हात जोडले आणि सहदेवाला विचारलं, "काय विचारू?"

आता विचारायचं होतं सरळ: ऑपरेशन करायचं की नाही. पण सहदेव म्हणजे शास्त्रज्ञ. तो म्हणाला, "विचार, आमचा औषध येतला काय नाय?"

बाबलीने तसंच गाऱ्हाणं घातलं, गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, आणि उजवी पाकळी टपकन खाली आली. बायांनी हात जोडले. नर्मदेने डोळे मिटले. हरिश्चंद्राने सहदेवाच्या पाठीवर थाप मारली. देवाचं यात काय चुकलं? औषध आज ना उद्या येणारच होतं, कुणी ना कुणी करणारच होतं. कधी येणार, हे कुणी विचारलंच नव्हतं.

चैत्र गेला, वैशाख गेला, आषाढ सरत आला. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी देवाच्या फोटोमागे राहिली. सहदेव रोज कॉलेजात जाऊन सरांच्या तोंडाकडे बघायचा, जणू औषध तिथूनच पडणार होतं. नर्मदेने डाव्या हाताने कळशी उचलणं सोडलं. हिरा नवऱ्याशी बोलेनाशी झाली. जुलैच्या अखेरीस त्याने एकदाचं विचारलं, "सर, हे माणसांना कधी देणार?"

सर एका पोस्टरला रंग निवडत होते. "माणसांना? सहदेव, अजून उंदरांनाही दिलेलं नाही. उंदीर दोन वर्षांनी. माणसं म्हणाल तर पंधरा, वीस वर्षं, तीही सगळं सुरळीत झालं तर. आणि हे औषध नाहीये हो. हे फक्त दाखवतं. का, कोणी विचारत होतं का?"

"नाही सर, सहज," सहदेव म्हणाला, आणि बाटल्या धुवायला गेला.

त्याला हे नवीन नव्हतं, हीच तर गोम. तो 'दाखवतं' हा शब्द पहिल्या दिवसापासून ऐकत होता. पी हळद आणि हो गोरी असा हा कारभार नाही, हे त्याला सरांइतकंच कळत होतं. आपण अडाणी असतो तर बरं झालं असतं, असं त्याला त्या दिवशी वाटलं. अडाणी माणसाची चूक होते. त्याने तर जाणूनबुजून केलं होतं.

तीन दिवस तो जेवला नाही. चौथ्या दिवशी वयनीसमोर बसला आणि सांगून टाकलं: औषध नाही, कधी येईल ठाऊक नाही, मी खोटं बोललो, उद्याच गोव्याला जाऊ.

नर्मदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देवान उजवो दिल्यान. आता मी कापून घेतलंय तर देवाचो शब्द मोडतलो. देव खोटो बोलणा नाय."

"देव नाय गो, मी खोटा बोललंय."

"ता देवाक सांग."

त्याने हात जोडले, तो रडला, हिराने समजावलं, पण नर्मदा हटेना. सहदेव उठला तो तडक बाबली गुरवाकडे. बाबली माडाच्या झावळ्या विणत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "मेल्या, प्रश्नच खोटो घातलंस? मगे कौल तरी खयचो खरो? परत देवाकडे ये, खोटा काय ता सांग, मगे नवीन प्रश्न घालूया."

"सकाळी येतंय. तू आणि मी, दोघांनीच सांगूया."

"इचारताना सगळ्या गावाक घेवन इललंस," बाबली म्हणाला. "आता सांगताना एकटो कसो?"

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी देऊळ भरलं. एवढी माणसं शिमग्यालाही नव्हती. बातमी हरिश्चंद्राने पोचवली होती, त्याला त्यासाठी एसटीचीही गरज लागत नाही. सहदेव कोट न घालता आला, साध्या सदऱ्यात; आणि तसा तो बराच बारीक दिसला. नर्मदा बायांच्या घोळक्यात पदर डोक्यावर घेऊन उभी होती. बाबलीने नारळ ठेवला आणि खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा, गावच्या धन्या, ह्या सहदेवान शिमग्याच्या टायमाक तुझ्या पायाकडे एक प्रश्न घातल्यान, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"तो प्रश्न खोटो होतो, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाबली सहदेवाकडे वाकला. "पुढे?"

"सांग, मी शास्त्रज्ञ नाय," सहदेव पुटपुटला.

"ह्यो शास्त्रज्ञ नाय, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आवाज जरा चढला होता.

"ह्यो थंय बाटल्यो धुता, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यावेळी मागची पोरंसुद्धा ओरडली, आणि देवळाच्या कौलांवरचं कबुतर उडालं. गाऱ्हाण्यात गावाने एकमुखाने होकार भरायचा, ही शेकडो वर्षांची रीत. पण इतक्या मनापासून ती रीत क्वचितच पाळली गेली असेल.

"ह्येचा औषध औषध नाय, नुसता दाखवता, रे म्हाराजा. आणि ह्येच्या तोंडाक कुलूप नाय, रे म्हाराजा." शेवटचं सहदेवाने सांगितलं नव्हतं. ते बाबलीने आपल्या पदरचं घातलं.

"व्हय म्हाराजा."

मग सहदेवाने बाबलीला थांबवलं आणि स्वतःच बोलला.  "देवा, शिक्षा काय करूची ती माका कर. माझ्या वयनीक नको."

 मग कुणीतरी हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा," आणि मागोमाग सगळ्यांनी. नर्मदेची मान खालीच होती. बाबलीने नवीन पाकळ्या लावल्या, सरळ प्रश्न घातला, कापून घ्यायचं का. उजवी पाकळी पडायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते गोव्याला गेले.

तिथल्या डॉक्टरने कागदावरची तारीख पाहिली, नर्मदेला तपासलं, आणि सहदेवाला बाहेर बोलावलं. "हे फेब्रुवारीचं आहे. आता ऑगस्ट. काखेत पसरलंय. सहा महिने काय करत होता तुम्ही?"

सहदेवाने खरं उत्तर दिलं नाही. "वाट बघत होतो," म्हणाला.

ऑपरेशन झालं. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनं, केस गेले, उलट्या झाल्या, मध्यंतरी एक बरं वर्षही गेलं. त्या वर्षात तिने परत काजळ धरलं, काजूच्या बिया भाजल्या. सहदेव कॉलेजला जात राहिला. एसटीत पोरं मागून बारीक आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायची, तो मान वळवायचा नाही. ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. २०१० च्या उन्हाळ्यात रोग हाडांत उतरला आणि गोव्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

त्याच महिन्यात किरण सरांचा लेख परदेशी मासिकात छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत सहदेवाचं नाव होतं, 'काजळी तयार करण्याबद्दल'. सरांनी एक प्रत त्याला दिली. घरी आणून त्याने ती कपाटात सरकवली, पण नर्मदेने अंथरुणातून पाहिलं.

"काय लिवल्यानी?"

"माझा नाव," तो म्हणाला. "खरा तुझा होया होता."

ती थोडी हसली. हिरा पेज आणायला चुलीकडे गेली होती. नर्मदेने त्याला जवळ बसायला खुणावलं.

"सहदेवा, तुका एक सांगूचा आसा. तू शास्त्रज्ञ नाय, ता माका पयल्यापासून ठावक होता. ता औषध येवचा नाय, ताही ठावक होता."

"मगे थांबलंस कित्याक?" त्याने विचारलं.

"मी भियालंय रे. कापतले, उघडी करतले, परक्या पुरुषांच्या हातात. तू थांब म्हणालंस आणि माका तितक्याच होया होता. कौल उजवो पडलो, तो माझ्या मनासारखो पडलो. मगे तू सगळ्या गावासमोर नाक घासलंस तेव्हा मी बोलाक होया होतंय. सगळो दोष तुझो न्हय, म्हणान सांगूक होया होतंय. मी मान खाली घालून उगी रवलंय."

हिरा पेज घेऊन आली. सहदेवाने वाटी हातात घेतली आणि वयनीला चमच्याने भरवायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं हललं, त्याला बरं वाटलं. समोर ती मरत होती, आणि त्याला बरं वाटलं. पंधरा दिवसांनी ती गेली. गावाच्या 'व्हय म्हाराजा'ची सहदेवाला आता लाज वाटत नाही. त्या संध्याकाळच्या बरं वाटण्याची मात्र आजही वाटते.